सात दिवसांची सरासरी

गाईच्या दुधातली फॅट दोन दिवस सारखी येत नाही. गाय तीच, गोठा तोच, वैरण तीच असली तरी आज ३.८ येते, उद्या ४.०, परवा ३.६. त्रेचाळीस घरांच्या गाईंचा आकडा एकाच सकाळी सारखा येणं तर शक्यच नाही. अंगदच्या स्क्रीनवर केंद्र क्रमांक एकशे चौदाच्या त्रेचाळीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत फॅट ४.१ होती. त्या महिन्यात असे अकरा दिवस होते.

"पकडलं बघा, मॅडम," अंगद म्हणाला. "त्रेचाळीस गाई काय मीटिंग घेऊन दूध देतात?"

अंगद अंबाजोगाईचा. पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आला होता आणि दिवाळीपासून आमच्या डेअरीचा सगळा डेटा त्याच्याकडे होता. प्रत्येक संकलन केंद्रावरचे आकडे रोज सकाळी नऊपर्यंत ऑफिसात पोचत. त्यानं बसवलेली प्रणाली ते आकडे मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाही आणि केंद्राला रंग देई: हिरवा, पिवळा, तांबडा. तांबड्या केंद्राचा कोड एकवीस दिवसांनी आपोआप बंद होई आणि गाडी तिथलं दूध घेईनाशी होई. तेवढ्यात प्रयोगशाळेनं लेखी हरकत घेतली, तरच हे थांबे. प्रयोगशाळा म्हणजे मी. या प्रणालीनं युरिया घालणारी दोन केंद्रं खरोखर पकडली होती. ते दूध मीच तपासलं होतं.

"हे कसं काय झालं असेल?" त्यानं विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. तो आकडा माझा होता.

तीन वर्षांपूर्वी केंद्रांवर संगणक आले, तेव्हा एक चौकट रिकामी राहिली तरी अख्ख्या केंद्राची नोंद पुढे जात नसे. नोंद नाही तर गाडी दूध उचलत नसे. एकशे चौदा होतं उमापूरच्या पुढच्या एका वस्तीवर, आणि तिथं ऐन सकाळी लाईट जायची. संगणकाला बॅटरी होती, फॅटच्या मशीनला नव्हती. मशीन बंद, कॅनमध्ये दूध तापत चाललेलं, आणि केंद्राचे सचिव गहिनीनाथ फोनवर विचारत, "मॅडम, काय लिहू?" मी सांगितलं, लिटर काट्यावर मोजा आणि फॅटच्या जागी केंद्राची मागच्या सात दिवसांची सरासरी सगळ्यांना टाका. मशीनला बॅटरी येईपर्यंत. आणखी आठ केंद्रांना मी हेच सांगितलं. सगळं तोंडी.

जे मोजलं नाही ते मोजलं नाही असंच लिहायचं, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवतात. त्या सकाळीही मला ते माहीत होतं.

आठ केंद्रांना वर्षभरात बॅटरी मिळाली. गहिनीनाथांचं केंद्र रस्त्याच्या शेवटी, दूध कमी. त्यांची मागणी राहून गेली. माझं सांगणं मात्र ते पाळत राहिले.

एकशे चौदा तांबडं झालं होतं. हरकत घ्यायची तर कारण लिहावं लागत होतं. त्या एकवीस दिवसांत मी तो अर्ज चार वेळा उघडला. कारणाच्या जागी 'तांत्रिक' लिहिलं आणि पुसलं. 'वीजपुरवठा' लिहिलं आणि पुसलं. बाविसाव्या दिवशी अर्ज उघडेना.

दोन दिवसांनी गहिनीनाथ मोटरसायकलवर आले. चपला बाहेर काढून प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"आत या ना, मामा."

"न्हाई, पाय खराब हायेत. फरशी पुसलीया तुमी." ते दारातच उकिडवे बसले. "त्या अंगदसाहेबाला लई समजून सांगितलं. ते म्हनले, आकडा खरा हाय का खोटा, एवढंच सांगा. मी म्हनलो, खोटा हाय. म्हनले, झालं तर मग."

"टाकायला कोणी सांगितलं, ते विचारलं नाही?"

"इचारलं की." ते हसले. "म्हनलो, माझ्याच डोस्क्यातून आलं. त्यांना बी पटलं. धनगराच्या डोस्क्यात असलंच येनार. तुमचं नाव न्हाई घेतलं, मॅडम. तुमी एकल्या, लेकरू ल्हान. माझं काय, मी मेंढरामागं जाईन. पर वस्तीचं दूध चालू व्हायला पायजे. तुमी आतून काय ते बगा."

"बघते," मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी मान डोलवली. काम झालं असं समजूनच ते गेले.

रविवारी मी वस्तीवर गेले. केंद्राच्या ओट्यावर कॅन पालथे घातलेले होते. वच्छलाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. त्यांची गाय वस्तीत सगळ्यात चांगली होती.

"या, या! कंपुटरवाल्या आल्या. त्याला म्हनावं, एकदा यिऊन धार काढ. लाथ बसली की कळंल तांबडा रंग कसा असतो ते."

ओट्यावरच्या बाया हसल्या. वच्छलाबाई हसल्या नाहीत.

"माय, एक खरं सांग. भाव फॅटवर मिळतो, अन् माझ्या गाईची फॅट साडेचाराच्या खाली येत न्हाई. लाईट नसंल त्या दिवशी मला चार-एक. अन् ह्या शिवकन्याच्या पान्यावानी दुधाला बी चार-एक. कावून?"

"मावशे, माझी गाय कावून मधी वढती!" शिवकन्या म्हणाली.

"गप गं. हिची वाढली, माझी गेली. तीन वर्सं. गहिनीनाथनं आमची फॅट नेली कुठं?"

गहिनीनाथ समोर त्यांच्या दारात दोरासाठी वाख वळत बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मान वर झाली नाही. एकोणीस वर्षं ते या लोकांचं दूध मापत होते आणि कोणी मापाकडे वाकून पाहिलं नव्हतं. आता त्यांच्या घरी कोणी चहालाही जात नव्हतं.

"त्यांनी काही नेलं नाही," मी म्हणाले.

"मंग कोनी नेलं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. चौकशी चालू आहे, असं मी म्हणाले.

तोवर वस्तीवरच्या सात गाई बाजारात गेल्या होत्या. उरलेलं दूध उमापूरच्या एका हॉटेलात जाई. हॉटेलवाल्याला हवं तेवढं तो घेई, बाकीचं वासरांना पाजत.

बुधवारी चेअरमन आप्पारावांच्या केबिनमध्ये बैठक झाली. आम्ही तिघंच होतो. अंगदनं भिंतीवर आलेख लावला. एकशे चौदा कायमचं बंद, सचिवावर पोलिसांत तक्रार, आणि शिवाय चार केंद्रं घसरणीला लागलीत म्हणून तीही पुढच्या महिन्यात बंद, असं त्यानं मांडलं.

"घसरण नक्की?" मी विचारलं.

"तीन वर्षांचा डेटा आहे, मॅडम. पाया पक्का आहे."

मी आलेख पाहिला. त्या चारांतली तीन केंद्रं मी सांगितलेल्या नवांमधली होती. पहिल्या वर्षात रेघ जागोजाग सपाट होती. बॅटरी आल्यानंतर ती खरी खाली-वर होऊ लागली, आणि प्रणालीला तेच बिघडणं वाटत होतं. त्या पहिल्या वर्षात मोजलेले दिवस कोणते आणि मी भरायला लावलेले कोणते, हे वेगळं काढायला कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. मलाही ते आता सांगता आलं नसतं.

आप्पारावांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. 'सदर सचिवाने स्वतःच्या मनाने खोटे आकडे भरल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळून आले.' खाली माझं नाव टाइप केलेलं होतं.

"टाका सही, योगिताताई. मला दुपारच्याला बीडला जायचंय."

"समजा त्यांची चूक नसेल, तर गाडी पुन्हा सुरू होईल का?"

"गाडी कुठली आता! ती दुसऱ्या रूटला दिली परवाच. त्या वस्तीचं संपलं, ताई. तिकडं दूध तरी किती राहिलंय? आता फक्त त्या गहिनीनाथचं काय ते बगायचं."

"दोन-चार दिवस आत बसला की बाकीच्यांनाही कळेल," अंगद म्हणाला.

म्हणजे मी काहीही बोलले तरी सात गाई परत येणार नव्हत्या. वच्छलाबाईंची तीन वर्षं परत मोजता येणार नव्हती. तीन केंद्रं वाचतील की नाही, ते आप्पारावांच्या मनावर होतं. आणि या केबिनमधून मी बाहेर पडेन ती बहुधा नोकरीतूनच. उशीर झाला नव्हता तेव्हा एक ओळ पुरली असती.

"पेन चालत नाही का, मॅडम?" अंगदनं स्वतःचं पेन पुढे केलं.

मी ते घेतलं नाही.

"आप्पा, ही सही मी करणार नाही," मी म्हणाले. "ते आकडे टाकायला गहिनीनाथमामांना मी सांगितलं होतं. त्यांना एकट्यांना नाही, नऊ केंद्रांना."