हाडाला हुकूम

"हाडा, वाढ!"

स्पर्शगुरूंनी हुकूम सोडला आणि सभागृहातली माणसं बघायला खुर्च्यांवर चढली. व्यासपीठावर कापडाचा एक लठ्ठ व्यापारी पाय लांब करून बसला होता. त्याच्या टाचा गुरूंच्या तळहातांवर होत्या. मघाशी त्याचा डावा बूट उजव्याच्या बोटभर मागे होता. आता तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढे सरकला आणि उजव्याच्या बरोबरीला आला.

"कंबर का दुखत होती? पाय आखूड! धंदा का बसला? पाय आखूड! ज्याचा एक पाय आखूड, तो आयुष्यभर जागच्या जागी गोल फिरतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापाऱ्याने गुरूंना मिठी मारली. आपला पाय आखूड आहे हे त्याला आजच कळलं होतं आणि तो आजच बराही झाला होता.

मी मागच्या रांगेत होते. शेजारी धाकटी बहीण आणि तिच्या मांडीवर तिची आठ वर्षांची लेक, चिमणी. जिन्यावरून पडून चिमणीच्या नडगीचं हाड मोडलं होतं, म्हणून पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. बहिणीच्या पिशवीत मोठी कात्री होती. प्लास्टरमधून स्पर्श पोचत नाही, ते व्यासपीठावर कापू, गुरू तिथल्या तिथे हाड जोडतील, असं गुरूंच्या चेल्याने सांगितलं होतं.

आदल्या संध्याकाळी यावरूनच आमचं स्वयंपाकघरात वाजलं होतं.

"अगं, हाड आत्ता कुठे धरायला लागलंय. प्लास्टर काढलंस तर सरकेल."

"शाळेत विज्ञान शिकवतेस म्हणून तुलाच सगळं कळतं का?"

"माझा स्वतःचा पाय आखूड आहे, म्हणून कळतं."

"म्हणूनच तर!" ती ओरडली आणि मग रडायलाच लागली. "ताई, तुझंही हाड डॉक्टरांनीच बसवलं होतं ना? पोरं तुला चिडवायची तेव्हा मी दगड घेऊन त्यांच्यामागे धावायचे. माझ्या पोरीसाठी कोण धावणार?"

त्या भोंदूची जाहिरात माझाच पाय करत होता! अंगाचा तिळपापड झाला. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे. पण आधी माझा पाय. तो वाढला तर कात्री मीच चालवीन."

आता मी व्यासपीठाकडे निघाले. चेला आडवा आला. खरोखर लंगडणाऱ्यांना तो दारातूनच परत पाठवत होता. "बाई, तुमची पाळी उद्या."

"माझा पाय आजच आखूड आहे," मी म्हटलं आणि पायऱ्या चढले.

गुरूंनी मला न्याहाळलं. घोट्यापर्यंत पँट, घोट्याच्या वर चढणारे बूट, चाल जवळजवळ सरळ. ते प्रसन्न हसले. "ये बाळ. कोणता पाय?"

"डावा."

खुर्ची गुळगुळीत होती. त्यांनी टाचा धरल्या आणि उजवा पाय हळूच ओढला. त्या बाजूचं माझं बूड सरकलं, उजवा बूट पुढे आला. "पाहा, केवढा आखूड!" मग डोळे मिटून गर्जना झाली, "हाडा, वाढ!" आणि तशीच एक हलकी ओढ डाव्याला. दोन्ही बूट बरोबरीत आले. सभागृह दणाणलं. खाली बहीण उठून उभी राहिली होती. तिचा हात पिशवीत गेला.

"थांब!" मी ओरडले. डाव्या बुटाची नाडी सोडली, आतून बुचाचा जाड तुकडा ओढून काढला आणि उंच धरला. "गुरूंनी वाढवलेला पाय हा! चांभाराकडे करून मिळतो." उजवा बूटही काढला आणि अनवाणी उभी राहिले. डावी टाच अधांतरी. "आता यावर सोडा हुकूम. बूट घालून तर मी सकाळीही बरी होतेच."

"मनात शंका असली की हाड ऐकत नाही!"

"आत्ता ऐकलं की! शंका तर तेव्हाही होती."

मागे कोणीतरी फिदकन हसलं. गुरूंचा आवाज चढला. "एक लंगडी माझी परीक्षा घेणार?"

"हो, लंगडीच घेणार. बाकी कुणाला घ्यावीशी वाटली नाही."

मी व्यापाऱ्याला पुन्हा बसवलं. एक टाच ओढली, तो पाय लांब झाला. दुसरी ओढली, दोन्ही सारखे. मग म्हटलं, "आता पाठ टेकून नीट बसा." पाय मुळातच सारखे होते; गुळगुळीत खुर्चीवर सरकत होतं ते फक्त बूड.

चेल्याने माईक बंद केला. पण मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हा माझा रोजचा धंदा आहे.

"मुलांचं लांब हाड टोकांजवळच्या मऊ थरातून वाढतं. मोठेपणी तो थर हाडच होतो आणि वाढ संपते. माझं हाड लहानपणी नेमकं त्या थरात मोडलं, थर निकामी झाला. चिमणीचं मोडलंय मधोमध, थरापासून लांब. तिथे रक्त गोठतं, मऊ गाठ धरते, गाठीत चुना भरतो, ती टणक होते. हे काम तिचं शरीर आत्ताही करतंय. प्लास्टर फक्त हाड हलू देत नाही."

"म्हणजे मीच जोडतेय?" चिमणीने खालून विचारलं.

"तूच."

"मग हे काका काय करतायत?"

या वेळी अख्खं सभागृह हसलं. गुरू मागच्या दाराने निघून गेले. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. कंबर खरंच हलकी वाटतेय, असं व्यापारी शेवटपर्यंत म्हणत होता. एका बाईंनी मला उर्मट म्हटलं. गुरूंना मानणाऱ्या बहिणीच्या सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला.

बहिणीने कात्री बाहेर काढली नाही. ठरल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनीच प्लास्टर उतरवलं. पाय बारीक झाला होता. पहिल्या पावलाला चिमणी रडली, मग भिंत धरून चालली. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचा फुगवटा दिसत होता. बहीण त्यावर कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

माझा पाय आखूडच राहणार. त्याची मला लाज नाही. माझ्या बहिणीच्या भीतीवर ज्याने दुकान थाटलं, लाज त्याला वाटली पाहिजे. तुमच्याही घरात अशी भीती शिरेल, तेव्हा डॉक्टरांना विचारा, गुरूंनाही विचारा. भर सभेत, मोठ्याने विचारा. उर्मट म्हणतील, म्हणू देत. जो प्रश्नांवर चिडतो, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका.