माझ्या डबीतली परकी कवटी

काकूंनी मला पहिल्यांदा तळहातावर घेतलं, तेव्हा डोळे मिटून देवाला एक शब्द दिला होता. "मेलेल्या जिवाला हात लावतेय, मला पाप लावू नकोस. ज्याचं नाव त्याच्याच पायाला बांधीन. एकाचं दुसऱ्याला जाऊ देणार नाही." मग हात पुसले आणि कात्री उचलली. मी मेलेलीच होते, त्यामुळे कात्रीचं काही वाटलं नाही. शब्द मात्र ऐकला.

मी एक व्होल बोलतेय. नाव ओळखीचं नसेल तर उंदीर म्हणा, मी रागावणार नाही. पण उंदराची शेपूट अंगाएवढी लांब, माझी बोटाच्या दोन पेरांएवढी. नाक बोथट, डोळे बारीक, कान केसांत बुडालेले. दिसायला आम्ही घाईघाईत वळलेल्या लाडवासारख्या.

आमचं गोत मोठं आहे. व्होल, लेमिंग आणि मस्करॅट, सगळे एकाच कुळातले. मस्करॅट आमच्यातला थोरला. चांगला किलोभर भरतो. मुक्काम पाण्यात, केस इतके दाट की आत थेंब शिरत नाही, शेपूट दोन्ही बाजूंनी चेपलेली, सुकाणूच जणू. लव्हाळ्याचं घर बांधून ऐसपैस राहतो. लेमिंग थंड मुलखातले, बर्फाखाली बोगदे करणारे. ते कळपाने कड्यावरून उड्या टाकून जीव देतात, असा त्यांच्यावर उगीच आळ आहे. कुणी जीव देत नाही. दर तीन-चार वर्षांनी घर भरतं, खाणं पुरत नाही, मग पाय नेतील तिकडे निघतात. वाटेत नदी आली की पोहतात. काही बुडतात. माणसं तरी घर सोडताना याहून वेगळं काय करतात?

आम्हा सगळ्यांची खूण म्हणजे दाढा. वरून पाहिलं तर नागमोडी नक्षी, त्रिकोणाला त्रिकोण लागलेला. पण खालची बाजू सगळ्यांची सारखी नसते. कुरणातल्या व्होल जन्मभर गवत चावतात. गवत दात खातं, म्हणून त्यांच्या दाढांना मुळं फुटतच नाहीत, त्या मरेपर्यंत वाढत राहतात. आम्ही लाल पाठीच्या, झाडांच्या आडोशाला राहणाऱ्या. बिया, कोवळे कोंब, दगडफूल असं मऊ खाणं. वय झालं की आमच्या दाढांना मुळं फुटतात आणि वाढ थांबते. एवढं ध्यानात ठेवा. पुढे सगळं यावरच अडणार आहे.

माझा जन्म रानाच्या कडेच्या दगडी बांधाखाली झाला. पाच भावंडं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाही. तीन आठवडे पोटात, जवळजवळ तितकेच दुधावर, मग आईने पाठ फिरवली, कारण पुढची खेप तयार होती. मीही दोनदा बाळंत झाले. वर्ष-सव्वा वर्ष म्हणजे आमच्यात म्हातारपण, आणि तिथवर मी पोचले. एके पहाटे बांधाशी दाण्याचा वास आला, मी तोंड पुढे केलं, सापळा मिटला. इतकंच. त्याच दिवशी खालच्या कुरणात एक करड्या पाठीची व्होल सापडली. तीही म्हातारी. आम्ही दोघी एकाच पिशवीतून गावात आलो.

सापळे लावणारे काका संग्रहालयात कातडी भरायचं काम करत. त्याच आठवड्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. काकू तोवर घर सांभाळणाऱ्या. देवाचं सगळं करणाऱ्या, नेमधर्माच्या, डास मारला तरी "चुकलं रे बाबा" म्हणणाऱ्या. आता काम हातचं गेलं तर पुढे काय, म्हणून काकांनी खुर्चीत बसून शिकवायचं आणि काकूंनी करायचं असं ठरलं. पहिला धडा माझ्यावर गिरवला.

"पोटाशी चीर दे," काका म्हणाले. "आता ओढू नको गं. मोजा काढतात तशी काढ."

"मोज्यात पाय नसतो आत."

"माझ्या असतो. तो कोण काढतं?"

"मीच की, दहा वर्षं झाली! मोजासुद्धा आणि पाय वर ठेवायचं कामसुद्धा."

हसता हसता काकूंनी मला उलटं केलं, सुलटं केलं, कापूस भरला, शेपटीत तार घातली, पोटाला टाके घातले. टाके सुरेख होते. आयुष्यभर उशांचे अभ्रे शिवलेला हात तो. मग मागच्या पायाला चिठ्ठी बांधली. जागा, तारीख, लांबी, क्रमांक. ज्याचं त्याला.

राहिली कवटी. ती संग्रहालयाच्या मागच्या पडवीत किड्यांच्या पेटीत जाते. छोटे काळे किडे मांस खाऊन हाड चार-पाच दिवसांत लख्ख करतात, मग ती कातडीशेजारच्या छोट्या डबीत ठेवतात. कवटीला दोऱ्याने क्रमांक बांधलेला असतो. काकांनी बजावलं होतं, "दोरा मेणावून घे." काकूंनी शिवणाचा साधा दोरा घेतला. विसरल्या असतील, किंवा मेणाचं त्यांना पटलं नसेल. साध्या दोऱ्याला मांसाचा वास लागला आणि किड्यांनी दोरा खाल्ला.

पाचव्या दिवशी, एका बुधवारी, काकूंनी पेटी उघडली तर आत दोन कवट्या आणि तळाशी दोन सुट्या चिठ्ठ्या. काकूंनी दोन्ही कवट्या उजेडात धरल्या. दात बघायचे असतात हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. "ही जराशी मोठी," त्या पुटपुटल्या, "आणि लाल कातडीही लांब आहे. म्हणजे ही तिचीच." जराशी मोठी होती ती करडीची. तिच्यावर माझा क्रमांक शाईने लिहिला गेला, आणि माझी कवटी करडीच्या डबीत जाऊन पडली.

काकांना विचारायचं असं ठरवूनच त्या घरी गेल्या. त्या दिवशी काका डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावायला अर्धा तास बसले होते आणि शेवटी रडले होते. काकू विचारायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही राहिल्या. मग त्यांनी दर बुधवारी उपास धरला. मी बावीस वर्षं ते उपास मोजले. देव उपासाला नको म्हणत नसेलही, पण त्या उपासाने माझं डोकं काही माझ्या डबीत आलं नाही.

दरम्यान मी एका पसरट खणात उताणी पडून होते. शेजारी माझ्यासारख्याच सव्वीस जणी, डांबरगोळ्यांचा वास, वर्षातून दोनदा उजेड. तक्रार करावी असं काही नव्हतं. काका गेले. काकूंचे केस पांढरे झाले. कातडी भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी उरलं नाही, आणि "काकूंनी बांधलेली चिठ्ठी" म्हणजे दगडावरची रेघ असं सगळे म्हणू लागले. काकूंची मुलगी शिकली आणि त्याच संग्रहालयात संशोधनाला लागली. तिचा विषय आमचंच कूळ. तिच्या वरचे सर सगळ्यांत 'दातवाले सर' म्हणून ओळखले जात. घरी पाहुणा आला तरी ते आधी त्याचा जबडा बघतात अशी त्यांची कीर्ती.

एके सकाळी मुलीने माझा खण ओढला, माझी डबी उघडली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती तशीच राहिली.

"सर! अहो सर, इकडे या. पाठ लाल, आणि दाढांना मुळंच नाहीत!"

"पिल्लू असेल. पिल्लांना नसतातच."

"म्हातारी आहे, सर. कवटीचे सांधे बघा, पार जुळून गेलेत."

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. "टाळूही कुरणातल्यांसारखी. अशी व्होल आजवर कुणी नोंदली नाही." मग सरळ होऊन त्यांनी विचारायला हवं तेच विचारलं. "कातडी आणि कवटी एकाच जिवाची ना?"

"आईने बांधलीय, सर."

"मग प्रश्नच मिटला."

पलीकडच्या टेबलावर काकू एका खारीला टाके घालत होत्या. सुई अर्ध्यात थांबली. हे फक्त मला दिसलं, कारण माझं तोंड तिकडे होतं. तोंड कसलं, कापूस.

दुपारी डबा खाताना मुलगी फुलून गेली होती. नवी जात सापडणं म्हणजे या लोकांचं लग्नकार्यच. सहा वर्षं ती दुसऱ्यांनी नावं ठेवलेले उंदीर मोजत होती. "शुक्रवारी लेख पाठवतेय, आई. आणि नाव तुझं देणार. लोक नातीला आजीचं नाव देतात, मी उंदराला देतेय. चालेल ना?"

"जेव आधी," काकू म्हणाल्या.

"लाजली बघा! सर, आई लाजली."

गुरुवारी काकू कामावर येऊन नुसत्या बसून राहिल्या. दोनदा माझ्या खणापाशी आल्या, दोनदा परत गेल्या. ओठ हलत होते, पण कुठला जप ते मला कळलं नाही. शुक्रवारी सकाळी मुलगी लेखावरून शेवटची नजर फिरवत असताना त्या तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कुरणातल्या व्होलींच्या कपाटातून एक डबी काढ. हिच्याच तारखेची, करडी."

"आत्ता? कशाला?"

"काढ तर."

मुलीने कुरकुरत डबी आणली, उघडली, कवटी उलटी करून भिंगाखाली धरली. मग हळूच म्हणाली, "हिला मुळं आहेत."

काकूंनी सगळं सांगितलं. साधा दोरा, किडे, दोन सुट्या चिठ्ठ्या. मध्ये थांबल्या नाहीत आणि रडल्या नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं गं. शंका होती."

"बावीस वर्षं? म्हणजे ते बुधवार... आम्हाला वाटायचं बाबांसाठी करतेस."

"मीही तसंच सांगायचे. मलासुद्धा."

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं, आई." हे ती रागाने म्हणाली की हळहळीने, मला सांगता येणार नाही. मी चाळीस ग्रॅमची कापूस भरलेली बाई. मला माणसांचा आवाज नेहमी पुरता उलगडतो असं नाही.

"छापून आलं असतं ना पण," काकू म्हणाल्या. "मग तुझ्यासारखीच कुणाची तरी पोर त्या बांधावर सापळे घेऊन गेली असती. दर वर्षी गेली असती. जी व्होल नाहीच ती शोधत म्हातारी झाली असती. आणि नाव कुणाचं? माझं."

मुलगी उठून बाहेर गेली. लेख गेला नाही. तीन दिवस मायलेकी कामापुरतं बोलल्या. "सुई दे." "ही घे." बस. सर काकूंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत म्हणाले, "काकू, तुमची चूक एकट्या तुमची नाही. ती टाळू ओरडून सांगत होती. मी तुमच्या नावावर विसंबलो आणि दात बघायचे सोडले. मी! दातवाला!" काकूंना हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलंच.

चौथ्या दिवशी मुलीने माझी कवटी माझ्याजवळ आणून ठेवली आणि करडीची करडीकडे पाठवली. माझ्या चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं: कवटी बदलली गेली होती, शिवणाऱ्या व्यक्तीनेच दाखवून दिलं, तपासून दुरुस्त केलं. खाली तारीख. मग चिठ्ठी आणि दोरा आईपुढे सरकवला.

"तूच बांध."

"मी?"

"मग कोण? आणि मेणाव आधी."

काकू दोरा मेणावर ओढू लागल्या. मुलगी बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या महिन्यात तू दात न बघताच कवट्या लावल्यास ना? अशा अजून किती?"

"एकोणतीस. मोजून ठेवल्यात."

"बघायच्या?"

"बघू या की. दर बुधवारी एक."

"आणि तुझा उपास?"

"तो सोडला. जेवून येईन. उपाशीपोटी माझी नजर ठरत नाही."

आजवर सात डब्या झाल्या. सहा बरोबर निघाल्या. सातवीत एका पाणव्होलीच्या वाट्याला भलताच जबडा आला होता, तो आता जागेवर गेला. मायलेकी एकाच भिंगावर डोकी आपटत बसतात, एक म्हणते "सरक", दुसरी म्हणते "तूच सरक". मुलीला नवी जात अजून मिळालेली नाही. मिळेल. आमच्या कुळात अजून पुष्कळ जणी नीट ओळखल्या गेलेल्या नाहीत, आणि तिचा हात चांगला आहे.

मी मात्र आहे ती आहे. साधी, लाल पाठीची, बांधाखालची व्होल. सत्ताविसातली एक. माझ्यात बघण्यासारखं काही नाही, म्हणून मला पुन्हा कुणी काढेल असं वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. जाता जाता एकच मागते. तुमच्याही घरात, कामात अशी एखादी डबी असेल, जिच्यापुढून जाताना तुमची नजर आपोआप दुसरीकडे वळते. काकूंनी धरला तसा एखादा वार तुम्हीही धरा. त्या दिवशी पोटभर जेवा, आणि ती डबी उघडा.