मागची सीट

तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सीटवरच्या वस्तू एकेक करून मागे टाकायला सुरुवात केली. पाण्याची बाटली, बिस्किटांचा डबा, नॅपकिन, छत्री. नवरा हातात किल्ली घेऊन नुसता बघत उभा राहिला.

महासाथीत तो रुग्णवाहिका चालवायचा. त्याआधी सुट्टी मिळाली की दोघं बॅगा भरून लांब कुठंतरी जायची, रस्ता चुकायची आणि त्यावरून मनसोक्त भांडायची. साथीत ते सगळं बंद पडलं. घरात कोंडून तिचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्यानंच तोडगा काढला. लागण नको म्हणून काचा खाली करायच्या, तिनं मागे तिरक्या कोपऱ्यात बसायचं, गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायचं, न उतरता पाणी बघायचं आणि परत यायचं. साथ ओसरली, लोक देशोदेशी जाऊन फोटो टाकू लागले. यांची मात्र रविवारची फेरी तीच आणि बैठकही तीच.

मागच्या रविवारी तलावावरच्या रखवालदारानं त्याला मॅडमचा ड्रायव्हर समजून गाडी पलीकडे लावायला सांगितलं. तो हसला. तिला हसू आलं नाही. शेजारी बसायला नवरा हवा होता आणि तिच्या वाट्याला त्याची मान तेवढी येत होती. इतक्या वर्षांत यानं एकदा म्हणून पुढे बोलावलं नाही, म्हणजे याला आपला कंटाळाच आला असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. आज पुढे बसायचं, नाहीतर हे रविवार बंद, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती.

तो चाकामागे बसला. गाडी निघाली. बाजार मागे पडला. तो सारखा आरशात बघत होता आणि गाडी हळू हळू होत चालली होती. शेवटी एका बंद दुकानासमोर त्यानं ती बाजूला घेतली.

"मागे बस ना," तो म्हणाला.

"का? माझं शेजारी बसणंही नको झालंय का तुम्हाला?"

त्यानं तळवे पँटला पुसले. पुन्हा पुसले.

"तेव्हा पेशंटला पोचवून परत यायचो ना, तर आरशात मागं सगळं रिकामं दिसायचं. आत नेलेलं माणूस पुढं घरी गेलं का, ते कोण सांगणार आपल्याला? तू मागे असलीस की दिसतेस. मग चालवता येते गाडी."

तिला वाटलं होतं, कारणं देईल, चिडेल, फार तर हसण्यावारी नेईल. त्या सगळ्याला तिच्याकडे उत्तरं तयार होती. स्वतःचा तिला राग आला आणि त्याची फार दया आली.

मग तिनं हात पुढे केला.

"द्या किल्ली. इकडे या तुम्ही."

बँकेत, दवाखान्यात ती स्वतःच गाडी घेऊन जायची. पण तो सोबत असताना चाक कधी तिच्या हाती आलं नव्हतं. जन्मभर गाड्या चालवलेला माणूस बायकोच्या शेजारी कसला स्वस्थ बसतोय. आज तो मुकाट्यानं उतरला आणि पुढून वळसा घालून तिच्या जागेवर येऊन बसला. पट्टासुद्धा तिनंच आठवण केल्यावर लावला.

तिनं सीट पुढे ओढली, गाडी रस्त्यावर घेतली. गिअर बदलताना करकर झाली तेव्हा आता हा बोलणार म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खिडकीकडे कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. दिवसाउजेडी, गाडीत, तिच्या शेजारी असा तो कधी झोपला नव्हता.

पुढच्या चौकात लाल दिवा लागला. ती थांबली आणि त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. खिसा वर झाला, खाली गेला, पुन्हा वर झाला. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले तेव्हा कुठे तिचं दिव्याकडे लक्ष गेलं.