शिंगी माशाच्या रक्तातला मी

मी बोलतोय, शिंगी माशाच्या रक्तातला हिमोग्लोबिनचा एक रेणू. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. पण रक्ताला लाली आहे ती माझ्यासारख्यांमुळेच.

चार धागे गुंडाळून एकमेकांना बिलगलेत, तो मी. प्रत्येक गुंडाळीत एक चकती आणि चकतीच्या मधोमध लोखंडाचा एकच अणू. तो प्राणवायूला धरतो. पहिला अणू जरा आढेवेढे घेतो. त्याने एकदा धरला की माझं अंगच सैल होतं आणि बाकीचे तिघे पटापट धरतात.

माझा जन्म पूर्व बंगालातल्या बारिसालकडच्या एका पाणथळ खाचरातला. चिखलाच्या पाण्यात प्राणवायू तो कितीसा! म्हणून आमचा शिंगी सारखा वर येऊन हवा गिळतो. त्याच्या पाठीत दोन लांब पिशव्या आहेत. तिथे मी प्राणवायू भरून घेतो आणि अंगभर पोचवतो.

परवा तो जाळ्यात सापडला आणि अलोकाच्या घरी हंडीत आला. अलोकाला बाळ होऊन वीस दिवस झालेत. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. म्हणजे तिच्यात माझे भाऊबंद फारच कमी. चार पावलं चालली की बिचारीला धाप लागते. सासू शैलबाला म्हणाली, आता आठवडाभर शिंगीचं कालवण. मासा मात्र जिवंत हवा. मेलेला शिंगी इथे बाळंतिणीला कुणी वाढत नाही.

शिंगीचे काटे विषारी. उडी मारून बाळाच्या अंथरुणात पडला तर? अलोकाला तीच धास्ती. तिने हंडी काठोकाठ भरली, झाकण घातलं आणि वर वरवंटा ठेवला. भरपूर पाणी दिलं की मासा सुखात राहील, असंही तिला वाटलं.

मासा वर आला की झाकणावर आपटायचा. हवेला जागाच नव्हती. माझा एक अणू रिकामा झाला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याने मात्र घट्ट धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात शैलबालाने झाकण उचललं.

"काय गं बऊमा, माशाला बुडवून मारतेस?"

"मासा कसा बुडेल, मा? तो पाण्यातलाच ना?"

"तुझं तोंड दाबून धरते, मग कळेल कसा बुडतो ते."

तिने अर्धं पाणी ओतून दिलं. शिंगीने वर येऊन घोटभर हवा गिळली आणि माझे चारही अणू भरले. अलोका बघतच राहिली.

"मा, याला तळ्यात सोडूया?"

"सोड की. आणि तू अशीच पांढरी पडत जा. मग पोराला काय मी पाजू या वयात?"

अलोकाने झाकण परत हंडीवर ठेवलं.

आज सकाळी विळी मांडली आहे. चूलही पेटली आहे. थोड्या वेळात माझे धागे सुटतील, लाली जाऊन मी तपकिरी होईन. लोखंड तेवढं उरेल. माझा तुझ्यावर राग नाही, अलोका. मला श्वास हवा होता आणि तुलाही हवा आहे. रडत जेवलीस तरी चालेल, पण ताटात काही टाकू नकोस.