सरकलेलं कमळ

मित्रांनो, मी वीस पैशांचं एक जुनं, पिवळं नाणं आहे. माझ्या अंगावर कमळ आहे, पण ते मधोमध नाही. ते एका कडेला इतकं सरकलंय, की त्याच्या दोन पाकळ्या नाण्याबाहेरच राहिल्या. दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेची मला पूर्वी फार लाज वाटायची.

जन्माचं मला धूसर आठवतं. टांकसाळीत आम्ही गुळगुळीत चकत्या एकामागून एक पुढे सरकत होतो. वरून ठसा यायचा, एक दणका बसायचा आणि चकतीचं नाणं व्हायचं. माझी पाळी आली तेव्हा मी जागेवर नीट बसलो नव्हतो. दणका बसला आणि कमळ भलतीकडेच उमटलं. अशी नाणी तिथे वेचून बाजूला काढतात, मी कसा निसटलो कोण जाणे. अजूनही डुलकी लागली की तो दणका मला ऐकू येतो. स्वप्नात कमळ अगदी मधोमध उमटतं, आणि जाग आली की पाहावं तर आपलं तेच, सरकलेलं!

फिरत फिरत मी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पोचलो. तिथल्या चहावाल्यानं सुट्ट्या पैशांबरोबर मला नत्थूजींच्या हातावर टेकवलं. नत्थूजी तेव्हा तरणेबांड होते. संत्र्याच्या पेट्या गाडीत चढवून ते बोरगावला, आपल्या गावी परत निघाले होते. गावात त्यांचा जिवाभावाचा मित्र होता, कवडूजी. कवडूजींचं किराण्याचं दुकान होतं. नत्थूजींनी चहाची पुडी मागितली आणि मला पुढे केलं.

कवडूजींनी मला उलटसुलट करून पाहिलं. दुकानात गर्दी होती, त्यांना चेव आला.

"काय बे नत्थू, खोटं नाणं चालवून राहिला का?"

"मले स्टेशनावर भेटलं. मी काय घरी पाडलं काय?"

"कोनं पाह्यलं?" कवडूजी म्हणाले, आणि सगळं दुकान हसलं.

थट्टाच होती ती, पण ती गावभर झाली. पोरंसोरंसुद्धा 'खोटा नत्थू' म्हणू लागली. नत्थूजींच्या मनाला ते फार लागलं. दोघं बोलेनासे झाले. शनिवारी दोघंही जामसांवलीच्या हनुमानाला जायचे, पण एकाला दुसरा दिसला की तो वाटेत चपलेचा अंगठा नीट करत बसायचा, पुढचा दिसेनासा होईपर्यंत. मला फार वाईट वाटायचं. माणसाला खोटं म्हटलं ते माझ्यामुळे, आणि मला तर बोलताही येत नव्हतं.

नत्थूजी मला फेकणारच होते. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, मला वाचवलं. "कमळ हाय ना त्याच्यावर? म्हंजे लक्ष्मीच हाय थे," असं म्हणून त्यांनी मला देवघरात ठेवलं. दर दिवाळीला हळदकुंकू वाहून माझी पूजा व्हायची. मग पुन्हा कापराच्या वासात मी वर्षभर पेंगायचो. किती दिवाळ्या गेल्या, मला कळलंच नाही.

घरात सून आली, दामिनी. एक दिवस मोबाइलवर तिला माझ्यासारखंच एक वेंधळं नाणं दिसलं. ती सासऱ्यांना, नत्थूजींना म्हणाली,

"मामाजी, मशीनच्या चुकीचीबी नाणी असतात म्हने. लोक शोधून राह्यले त्यायले. आपन दाखवून तर पाहू."

नत्थूजींनी मला देवघरातून उचलून तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "अन् खोटंच निघालं तर?"

मित्रांनो, पैशाचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना भीती होती ती त्या जुन्या नावाची. तरी ते वच्छलाबाईंना घेऊन निघाले. वच्छलाबाईंनी निघायच्या आधी मला संत्र्याच्या सालीनं आणि राखेनं खसाखसा घासलं. परक्याच्या घरी असं मळकं काहून न्यावं, असं त्यांचं म्हणणं. मी असा लखलखलो की मलाच मी ओळखू येईना.

पांढुर्ण्यात विनायक सर जुनी नाणी जमवतात. त्यांनी मला इवल्याशा काट्यावर तोललं. वजन पुरं भरलं. मग भिंगाखाली धरलं. "ओतून केलेल्या नाण्याला बारीक खड्डे असतात, याला नाहीत. आणि मागून कोणी कानस लावली किंवा रुळावर ठेवून चपटं केलं, तर ती टांकसाळीची चूक नव्हे. इथे दोन्ही बाजूंचा ठसा एकाच अंगाला सरकलाय. शिवाय साल पूर्ण दिसतंय, म्हणून मोल जास्त." मग ते हळहळले. "पण हे घासलंत का हो? जुना रंग गेला. संग्राहक आता अर्धीही किंमत देणार नाहीत."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. नत्थूजींनी मात्र एवढंच विचारलं, "म्हंजे खोटं नाई?"

"शंभर टक्के खरं आहे, आजोबा."

बसमधून उतरल्यावर नत्थूजी घरी गेलेच नाहीत, थेट कवडूजींच्या अंगणात शिरले. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेत पुटपुटून ठेवलं होतं. कवडूजी खाटेवर बसले होते. त्यांना हल्ली काही आठवत नाही, हे नत्थूजींनी लोकांकडून नुसतं ऐकलं होतं. त्यांनी मला कवडूजींच्या हातावर ठेवलं.

कवडूजींचा अंगठा माझ्या कोऱ्या जागेवरून हळूहळू फिरला. "लय छान हाय. कमळ पाहा कसं कडेले गेलं! खोटं हाय का?"

"नाई. खरं हाय."

"मंग खोटं कोन म्हनते?"

नत्थूजी माझ्याकडे पाहत म्हणाले, "होता एक. माहा मित्र होता."

"येडा असंन थो," कवडूजी हसून म्हणाले.

"नाई," नत्थूजी म्हणाले, "लय चांगला होता."

मग ते खाटेवर कवडूजींच्या शेजारी बसले. कवडूजींनी मूठ मिटली आणि मला परत दिलंच नाही. नत्थूजींनीही मागितलं नाही.

मित्रांनो, जुनं नाणं सापडलं तर त्याला घासू नका, त्याचा रंग त्याच्याजवळ राहू द्या. आणि कोणी वेगळं दिसलं म्हणून हसण्याआधी त्याला एकदा पारखून पाहा. पण पारखायला माझ्या माणसांसारखा उशीर करू नका.

मी आता कवडूजींच्या मुठीतच असतो. तिथे ऊब आहे आणि झोप छान लागते. नत्थूजी रोज संध्याकाळी येतात आणि नाणं पाहायला आलो म्हणून सांगतात. दिवेलागणीपर्यंत दोघं बसून राहतात. मूठ उघडून दाखव, असं मात्र नत्थूजी एकदाही म्हणत नाहीत.