सांतो निन्योचा बूट

“झाकण कितीही छळू दे, गोळ्या ह्याच डबीत ठेवायच्या,” गांजाच्या दुकानातली ऑटम म्हणाली होती. “दिसायला खाऊसारख्या असतात, म्हणून कुलपातच. आणि आधी अर्धीच. मग दोन तास कळ काढायची. ‘काहीच होत नाहीये’ म्हणत दुसरी तोंडात टाकली, की फसलात.”

“कळलं गं बाई, वाचता येतं मला,” देल्फिनाने उडवून लावलं. तिला कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. प्वेब्लो शहरात गांजा कायदेशीर, अशी दुकानं नाक्यानाक्यावर, पण तिची ही पहिलीच खेप. ओळखपत्र दाखवताना दरवानाने गॉगल काढायला लावला आणि नेमकी मागे रांगेत चर्चमधली ऑर्गनवाली बाई उभी! दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही. अगदी ठरवून.

गोळ्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी होत्या. डॉक्टरांना विचारून झालं होतं. पण झाकण दाबून फिरवायचं, आणि सासूबाईंची, म्हणजे युफेमियाबाईंची, बोटं संधिवाताने वाकलेली.

“हे पोरांना उघडता येऊ नये म्हणून केलंय की म्हाताऱ्यांना?” त्या चिडल्या.

देल्फिनाने युक्ती काढली. गोळ्या सासूबाईंच्या बटणांच्या डब्यात, डबा फ्रिजच्या डोक्यावर. तिच्या दोन वर्षांच्या लेकीचा, पालोमाचा, हात पोचायला अजून बराच अवकाश होता.

शनिवारी जेवणानंतर तिने सासूबाईंना अर्धी गोळी दिली आणि परसात मिरच्या भाजायला गेली. थोड्या वेळाने खिडकीतून हाक आली, “काही होत नाहीये गं! तुला फसवलं त्या पोरीने!” मग सगळं चिडीचूप. आणि मग एकदम हसण्याचा धबधबा.

देल्फिना धावली. सासूबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, मांडीवर पालोमा, भोवती बटणांचा सडा.

“ही बघ, प्रत्येकाला चार-चार डोळे! इतकी वर्षं माझ्याकडे बघतायत बिचारी, आणि मी एकदाही रामराम केला नाही!”

डबा उघडा होता. देल्फिनाने गोळ्या मोजल्या. एक अख्खी कमी. पालोमाचे ओठ लालभडक, आणि गोळ्याही लालच. 

“आई, एक गोळी कुठेय? तुम्ही खाल्लीत?”

“छे! उरलेली अर्धीच घ्यायला उठले होते, तर ह्या बटणांनी अडवलं.”

“पालोमाला दिलीत?”

“तिला कशाला? तिचे कुठे पाय दुखतात!”

“मग कुणाला दिलीत?”

सासूबाईंना पुन्हा हसू फुटलं. शब्द फुटेना. देल्फिनाने एका हाताने लेकीला उचललं, दुसऱ्याने विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला.

“मूल किती वर्षांचं? किती खाल्लं?” पलीकडची बाई शांतपणे विचारत होती.

“मला माहीत नाही हो! आई, सांगा ना!”

सासूबाईंनी डोळे पुसत कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “ज्याचे दुखतात त्याला.”

कोपऱ्यात सांतो निन्योची मूर्ती. हा बाळदेव अडल्यानडल्यांना शोधत रात्रभर हिंडतो, त्यात त्याचे जोडे झिजतात, म्हणून घरोघरी त्याच्यापुढे इवलेसे नवे बूट ठेवतात. देल्फिनाने उजवा बूट उलटा केला. टप्! लाल गोळी तळहातावर पडली. अख्खी, वरच्या गांजाच्या शिक्क्यासकट. तिने पालोमाच्या ओठांना नाक लावलं. चेरीचा मुरांबा!

देल्फिना जी हसत सुटली, ती थांबेचना.

फोनवरची बाई दचकली. “अहो, तुम्ही खाल्लीत का?”

“नाही हो! देवाला दिली होती. त्यानेही नाही खाल्ली अजून!”

“त्याला म्हणावं, आधी अर्धीच,” बाई म्हणाली, आणि मग गंभीर होऊन तिने बजावलं, तरीही पोरीवर लक्ष ठेवा, पेंगली किंवा झोकांड्या द्यायला लागली तर थेट दवाखाना गाठा. पालोमा कसली पेंगते! ती बटणांना रामराम करत बसली होती.

गोळ्या मूळ डबीत गेल्या, डबी कुलपात. झाकण आता देल्फिनाच उघडते, आणि भेटेल त्याला सांगत सुटते. तेव्हा तुम्हालाही: घरात कुणी ‘काही होत नाहीये’ असं म्हणून गप्प झालं असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी उठा आणि बघून या, ते काय करतायत. आणि पोर कुठेय, तेही.