शेवटचं बटण

मोहने गावातल्या जुन्या रेयॉन कारखान्यामागे जी चाळ आहे, तिथे हौसाबाईला विचारल्याशिवाय पान हलत नसे. बारसं असो की नळावरचं भांडण, बाया आधी तिच्या दारात यायच्या. नवरा कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, पुढे नवराही गेला, पण हौसाबाई काही साताऱ्याकडच्या गावाला परतली नाही. मेलेल्या बहिणीचं पोर, पोपट, तिच्याजवळ होतं. त्याला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो एका कंत्राटदाराची गाडी चालवत होता आणि जेवायला रोज मावशीकडेच यायचा.

विधानसभेची निवडणूक जवळ आली तशी डोंबिवलीहून विनिता नावाची एक बाई चाळीत आली. मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेचं काम करायची. मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या टाकल्या, बाया जमल्या. पोपटही देवळाच्या दाराशी मोबाईल बघत उभा होता.

"आमदार कशासाठी निवडून द्यायचा?" विनिताने विचारलं.

"नळाला पाणी याया पाहिजे म्हणून," हौसाबाई म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आजी, नळ, गटार, कचरा हे महापालिकेचं काम. त्यासाठी नगरसेवक असतो. आमदार विधानसभेत बसतो. तिथे सगळ्या राज्याचे कायदे होतात. सरकारी दवाखान्याला किती, शाळेला किती, हे तिथे ठरतं. मुख्यमंत्री कोण होणार तेही आमदारांच्याच पाठिंब्यावर. आणि मंत्र्याला उभं राहून जाब विचारायचा हक्क आमदाराला असतो."

हौसाबाई पुढे सरकली. "म्हंजी आपल्या नदीवर फेस येतो, त्याचं कुनी इचारायचं?"

"तुमच्या आमदाराने. भर सभागृहात. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं."

"समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

हौसाबाईला हे फार आवडलं. इतकी वर्षं मत देत आलो ते एवढं मोठं काम होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून विनिताने पुठ्ठ्याचं मतदान यंत्र काढून "कोण करून दाखवतं?" असं विचारल्यावर तीच पहिली उठली. सराईतासारखी पुढे गेली आणि सगळ्यात खालचं बटण दाबलं.

"आजी, कुणाला मत द्यायचं ते मला सांगू नका. पण हे बटण कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

"न ठाऊक असायला काय झालं? आमच्या कारखान्याच्या युनियनवाल्यांचं. निशानी दर बारीला बदलती, पर बटण शेवटचंच. आमचं मालक गेल्यापासनं मी हेच दाबते."

विनिताचा चेहरा उतरला. ती आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, शेवटचं बटण कुणाचंच नसतं. त्याला नोटा म्हणतात. यातला एकही उमेदवार मला पसंत नाही, असा त्याचा अर्थ. ते दाबलं की मत कुणालाच जात नाही."

हौसाबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. तिने पुन्हा विचारलं. विनिताने पुन्हा तेच सांगितलं. मग रखमाबाई, जी हौसाबाईच्या शेजारच्या खोलीत राहायची, हळूच म्हणाली, "अगं, आमी पन तेच दाबतो की. तूच सांगितलंस."

हौसाबाई खाली सतरंजीवर बसली. दर मतदानाला सकाळी उठून, दारोदार जाऊन, "शेवटचं बटण, इसरू नगा" असं सांगणारी तीच होती. म्हाताऱ्यांना हाताला धरून नेणारीही तीच. स्वतःचं एक मत गेलं असतं तर तिने सोसलं असतं. अख्ख्या चाळीची मतं तिने आपल्या हाताने मातीत घातली होती.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" विनिताने विचारलं.

हौसाबाईने दाराकडे पाहिलं. पोपट तिथे नव्हता.

संध्याकाळी तो जेवायला आला. तिने ताट वाढलं नाही. चूल बंद होती.

"मावशी, टेन्शन नको घेऊ ना."

"तुला म्हाईत होतं का?"

तिला अजून आशा होती की तो नाही म्हणेल. त्यालाही कुणीतरी फसवलं असेल. पण तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आमच्या कंत्राटदार शेठने सांगितलेलं. चाळीची मतं आपल्या माणसाला पडणार नाहीत, तर निदान युनियनवाल्यांना तरी पडू देऊ नको. मी तेव्हा नवीनच कामाला लागलेलो. नाही म्हटलं असतं तर काढलं असतं मला. आणि मी कुठे दुसऱ्याला मत द्यायला लावलं? कोणालाच गेलं नाही. कोणाचं वाईट झालं त्यात?"

"मी अक्षरशत्रू, म्हनून मला सांगितलंस," हौसाबाई म्हणाली. "आन् बाया माझ्या शब्दावर चालत्यात, हे तुला ठाऊक, म्हनून बी मलाच सांगितलंस."

तो गेला. तिला रडू येईना, राग येईना. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, त्याने आपलं बोट धरून कुठल्या बटणावर ठेवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी ती घराघरांतून गेली. प्रत्येक दारात तेच बोलली, "मी चुकीचं सांगितलं होतं. आता ज्याला द्यायचं त्याला द्या, मला इचारू नगा. बटणासमोरचं चित्र बघा. मग काचेमागं चिठ्ठी दिसती, ती बघा." काही बायांनी समजून घेतलं. रखमाबाईने मात्र दार लावून घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस ती नळावर तिच्याशी बोलली नाही.

मतदानाच्या दिवशी हौसाबाई एकटी गेली. निशाणी शोधायला तिला वेळ लागला. बटण दाबलं, काचेमागे चिठ्ठी आली, तेच चित्र तिच्यावर होतं. चिठ्ठी खाली पडली तरी ती तिथेच खिळून उभी होती. शेवटी अधिकाऱ्याने "आजी, झालं" म्हणून तिला पुढे पाठवलं.

तिचा उमेदवार पडला. शेठचा माणूस निवडून आला, तोही मोठ्या फरकाने. चाळीची सगळी मतं मिळाली असती तरी तो पडलाच असता, असं विनिताने फोनवर सांगितलं. हौसाबाईला त्याने तसूभरही बरं वाटलं नाही.

"आता त्यो आमचा बी आमदार का?" तिने विचारलं.

"तुमचाही. मत दिलं नसलं तरी."

मग सहा-सात बायांना घेऊन ती त्याच्या कार्यालयात गेली. रखमाबाई आली नाही. आमदार म्हणाला, पाण्याचं असेल तर नगरसेवकाला भेटा. हौसाबाई म्हणाली, "नळाचं न्हाई, नदीचं. फेस कुठनं येतो, ते तुमी सभागृहात उभं राहून मंत्र्याला इचारा. ते तुमचंच काम हाय." त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सहायकाला लिहून घ्यायला सांगितलं. विचारेल की नाही, कोण जाणे.

बाहेर शेठच्या गाडीशी पोपट उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "घरी सोडू का?"

हौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच होता, लहानपणी तापात रात्र रात्र मांडीवर घेतलेला. पण कुणा परक्याकडे बघावं तसं तिला वाटत होतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली.

"बाया हायेत सोबत," ती म्हणाली, आणि रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागली.